पाऱ्याची बातमी, माणसांची नाही
‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण ऐटीत म्हणतो. थंडी मोजण्यात तर आपला हात कोणी धरू शकत नाही. डिसेंबरात कृषी विद्यापीठातला किमान तापमानाचा आकडा सकाळीच गावभर होतो. त्याच रात्री पोतं अंगावर ओढून उघड्यावर किती जण झोपले, हे रोज सांगणारी वेधशाळा मात्र निघायची आहे. नियम तसे उबदार आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या हिशेबात लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा, माणशी 50 चौरस फूट. 2011च्या जनगणनेत परभणी शहर तीन लाखांवर, म्हणजे किमान तीनशे जणांची सोय. पण नियम असले की निवारे होतातच असं नाही; म्हणूनच 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देशभरच्या पडताळणीसाठी न्या. कैलाश गंभीर समिती नेमावी लागली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘ही माणसं निवाऱ्यात यायलाच तयार नसतात.’ असेलही. पण का? बायकांना वेगळी खोली नाही, गाठोडं ठेवायला जागा नाही, की दारातच आधार कार्ड मागतात? रोजची हजेरी आणि तक्रारी लोकांसमोर आल्याशिवाय हे कळणार कसं? ‘त्यांच्या खासगीपणाचं काय?’ अहो, नावं कोणी मागितली? आकडा लावा. रोजगार हमीचं सामाजिक अंकेक्षण गावासमोर होतं, मग निवाऱ्याच्या हजेरीपटालाच कसली लाज? तापमानाशेजारी एक ओळ पुरे: पलंग इतके, झोपलेले इतके, बाहेर इतके. पारा लाजून वर चढणार नाही. कारभारी कदाचित लाजतील.