खुंटी, हातोडा आणि शेजारी

इंग्लंडात कालव्यावर बोट भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. थोडा वेळ शिकवतात आणि साठ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद पोलादी बोट तुमच्या हाती देतात. आमच्या साडूंच्या हाती दिली, यावरून त्या देशाचा माणसांवर किती विश्वास आहे ते कळतं.

श्रॉपशरमधल्या व्हिटचर्चहून वेल्समधल्या लँगॉथलेनला जायचं होतं. वेगमर्यादा ताशी 4 मैल. कुत्रा फिरवायला निघालेल्या एक आजीबाई काठावरून आम्हाला मागे टाकून गेल्या, वर ‘गुड मॉर्निंग’ही म्हणाल्या. तेव्हा चालवण्याचं काही नाही. खरी परीक्षा संध्याकाळी, मुक्कामाला जागा शोधताना.

नियम तसा उदार आहे. कालव्यांचा कारभार पाहणारी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट म्हणते, वेगळी पाटी नसेल तर पायवाटेच्या बाजूला 14 दिवसांपर्यंत खुशाल बोट बांधा. फक्त वळणावर नको, पुलाखाली नको, लॉकच्या, म्हणजे कालव्यातल्या जलद्वाराच्या, तोंडाशी नको, बोट वळवायच्या रुंद जागेत नको. उरलेल्या काठावर साडूंच्या अटी: ऊन हवं, फोनला रेंज हवी, पब दहा मिनिटांवर हवा. मेहुणीबाईंची एकच अट: पब दिसता कामा नये.

एल्समिअरजवळ तडजोड झाली. काठाला पन्हळी पत्रा ठोकलेला असेल तर त्यात आकडा अडकवून दोर बांधला की झालं. नुसती माती असेल तर हातभर लांब लोखंडी खुंट्या हातोड्याने ठोकायच्या. साडू हे सोसायटीचे माजी सेक्रेटरी, त्यामुळे ठोकण्याचं काम माझ्याकडे आणि देखरेख त्यांच्याकडे. तेवढ्यात एक बोट जरा जोरात गेली, पाणी ओढलं गेलं आणि आमची खुंटी मुळ्यासारखी उपटून आली. मागच्या बोटीवरच्या गृहस्थांनी चहाचा मग खाली ठेवला, दोर धरला आणि दोन खुंट्या एकमेकींत तिरक्या ठोकून बोट पक्की केली.

लंडनच्या ट्यूबमध्ये शेजाऱ्याकडे चुकूनही न पाहणारा इंग्रज हातात दोर आला की बोलका होतो. आणि विषय कोणता? संडास. हवापाणी ही नुसती नांदी. चाकांवरून ओढत नेऊन रिकामी करायची कॅसेट बरी, की पैसे मोजून पंपाने उपसून घ्यायची टाकी बरी, असे इथे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत असेल असं वाटत नाही. साडूंच्या घराण्यात बद्धकोष्ठावर तीन पिढ्या ऊहापोह झालेला. त्यांना तिथे विद्वानांची सभाच भेटली. मेहुणीबाईंनी विषय बदलावा म्हणून चकल्या पुढे केल्या. चकली आतून सुरू करायची की बाहेरून, असं त्या गृहस्थांनी गंभीरपणे विचारलं. आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं.

पुढे पॉन्टकसल्टे. थॉमस टेलफर्डचा 1805 सालचा जलसेतू. डी नदी खाली 38 मीटरवर, आणि बोटीच्या एका बाजूला कठडाच नाही. इथे मुक्कामाचा विषय कोणी काढला नाही. साडूसुद्धा गप्प होते.

जलसेतू ओलांडल्यावर ट्रेव्हर गावाच्या पुढे काही ठिकाणी कालवा इतका अरुंद, की दोन बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एकाने काठाने पुढे जाऊन समोरच्यांना थांबवायचं. मेहुणीबाई गेल्या. थोड्या वेळाने समोरून बोट आली आणि तिच्यावर बसून त्या चहा पीत होत्या! “अगं, अडवायला पाठवलं होतं तुला!” साडू ओरडले. “अहो, इतकी चांगली माणसं आहेत,” त्या म्हणाल्या. मग आम्हीच बोट मागे मागे नेली. ती चांगली माणसं वाटेत आम्हाला बिस्किटं देत होती.

जाणार असाल तर दुपारी तीनपर्यंत जागा धरा. उन्हाळ्यात लँगॉथलेनला उशिरा पोचलात तर गर्दी ठरलेली. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद ठेवायचं असतं, तेव्हा फोन आधीच चार्ज करा. आणि बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर नऊला बंद होतं. नंतर मिळतात ते फक्त शेंगदाणे.