रिकामा डबा

बापूकाकांनी दिलेलं रोप नाकारता येत नाही, मरू देता येत नाही आणि आपलं म्हणताही येत नाही. लंडनच्या हॅरो भागात घरामागे चार हात जमीन असलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला हे ठाऊक आहे. बाकीचे फ्लॅटमध्ये राहतात आणि सुखी आहेत.

काका मूळचे साताऱ्याचे. हयात इथल्या टपालखात्यात गेली. निवृत्त झाल्यावर पत्रं सुटली, दारोदार वाटत हिंडणं सुटेना. मग रोपं धरली. आधी टोमॅटो, पुढे मेथी. पण मेथी दिली की माणूस भाजी करून मोकळा होतो, पुढे चौकशी करायला काही उरत नाही. चौकशी करता येईल असं झाड काकांना हवं होतं. ते त्यांना फॉर्गेट-मी-नॉटमध्ये सापडलं.

इंग्लंडात या फुलाची नवलाई नाही. एप्रिल-मेमध्ये ट्युलिपच्या पायाशी निळी झुंबड उडालेली दिसते, तेच हे. पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाहून लहान, मध्ये पिवळा डोळा. कळी गुलाबी, उमलली की निळी. इथले लोक ते एकदा लावतात आणि पुढे जन्मभर उपटत बसतात, कारण बी आपोआप पडतं आणि वाटेल तिथे उगवतं. यात तक्रार करण्यासारखं काय आहे, हे काकांना आजवर कळलेलं नाही.

जूनमध्ये फुलून गेलेली झाडं भुरीने पांढरी पडली की काका ती उपटतात आणि वर्तमानपत्रावर झटकतात. काळं, चकचकीत, तिळाहून बारीक बी पडतं. ते ट्रेमध्ये विरळ पेरायचं, वरून मातीचा नुसता हात फिरवायचा आणि ट्रे शेडच्या सावलीला ठेवायचा. दोनेक आठवड्यांत अंकुर दिसतात. सप्टेंबर उजाडला की रोपं श्रीखंडाच्या डब्यांत बसतात आणि फेरी निघते. काकूंना गोड वर्ज्य आहे, काका श्रीखंडाला शिवत नाहीत. तरी घरात श्रीखंड येत असतं. डब्यासाठी.

डब्याचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. "रोप तुमचं, डबा आमचा," असं काका दारातच सांगतात. आता रिकामा डबा परत करायची आपल्यात रीत नाही. तुम्ही त्यात चिवडा भरून पाठवता. काका चिवडा संपवतात. आणि रिकामा डबा परत करायची रीत त्यांच्यातही नाही.

बरं, रोप लावलं म्हणून लगेच फूल दिसेल असं नाही. हे झाड एका वर्षी पानं धरतं आणि दुसऱ्या वर्षी फुलतं. सबंध हिवाळा लवदार, लांबट पानांचा एक झुपका जमिनीला चिकटून बसलेला असतो, आणि तो हुबेहूब तणासारखा दिसतो. बाग साफ करताना तो जातो. काका मात्र नोव्हेंबरात हजेरी घ्यायला येतात.

"वहिनी, कुंपणाजवळचं तिसरं दिसत नाही?"

"थंडीनं गेलं असेल हो, काका."

"थंडीनं? बर्फाखाली जगतं ते. तुम्ही खुरपलंत." मग कोटाच्या खिशातून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन रोपं निघतात. काका रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे व्याख्यान. लंडनची चिकणमाती हिवाळ्यात पाय रुतवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा पालापाचोळ्याचं खत घाला. अर्धी सावली द्या. ओल मोडू देऊ नका. शेवटी सातारा येतोच. "आपल्या कासच्या पठारावर निसुर्डी फुलते ना निळी? ती याच कुळातली. आणि आपलं भोकरसुद्धा! परकं का मानता?" एका तरुणाने मग भोकराचं लोणचंच आणा की, असं सुचवलं. त्याला त्या वर्षी दोन डबे मिळाले.

उन्हाळ्यात लोक पुण्या-मुंबईला जातात तेव्हा ओल मोडू नये, म्हणून निम्म्या हॅरोच्या किल्ल्या काकांकडे असतात. त्या काळात एखादा चोर मागच्या दाराने शिरलाच, तर काका त्याच्या हाती झारी देतील अशी माझी खात्री आहे.

ज्यांनी कधी रोप घेतलंच नाही, त्यांनाही सुटका नाही. या फुलाच्या बुडाशी जो हिरवा पेला असतो, त्याच्या लवेला बारीक आकडे असतात. तो कपड्याला चिकटतो आणि बी बरोबर घेऊन जातो. लंडनच्या जूनमध्येही काका लोकरी स्वेटर काढत नाहीत. ज्या घरी ते नुसते चहाला बसले, तिथेही पुढे बागेत निळं दिसलं.

मागे एका जोडप्याने वैतागून घरामागे सगळीकडे फरशी घालून घेतली. काकांना सांगितलं, मुलांना सायकल फिरवायला हवी होती. काकांनी मान डोलावली, फरशी हाताने चाचपून पाहिली, चहा घेतला. दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलात फरशांच्या फटीफटींतून निळ्या रांगा उभ्या राहिल्या. काकांना बोलवावं लागलं नाही. गुडघे टेकून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एक-एक फट तपासली. नवराबायको स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे.

"जागा छान निवडलीत," काका म्हणाले. "फरशीखाली मुळांना गारवा राहतो. फक्त जरा दाट झालीत. वीतभर अंतर ठेवत चला."