ॲडमिशन ओपन हरी अप

इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा फ्लेक्स चार शब्दांत आटोपतो: 'ॲडमिशन ओपन हरी अप'. इतरत्र ते खपून जाते. पण बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे धाकटी पंढरी. इथे 'हरी' दिसला की वाचणाऱ्याचे हात आधी जोडले जातात, आणि मग अर्थ सरळ लागतो: प्रवेश खुला आहे, हरी वर गडावर आहे. 'हरी'नंतर स्वल्पविराम दिला तर ते संबोधन होते, म्हणजे देवालाच 'ऊठ, वर्ग भरला' असा निरोप. तो तर अठ्ठावीस युगे उभाच आहे, त्याला आणखी किती उठवणार? 'ओपन'नंतर दिला तर घाई करा असे शाळेला म्हणायचे होते हे कळते. पण फ्लेक्सवर स्वल्पविराम कुठेच नसतो, आणि ज्या शाळेत तो शिकवायचा तिच्याच दारावर नसतो. आत मात्र चौथीच्या पोराने 'यस सर' लिहिताना मध्ये स्वल्पविराम गाळला की लाल शाईचा गोळा आणि अर्धा मार्क गुल.

यावर म्हणतात, एवढ्याशा टिंबशेपटीचे काय, लोकांना कळते ना! अमेरिकेतल्या मेन राज्यात असेच कळले होते. जादा वेळेचा पगार कोणत्या कामांना लागू नाही याच्या कायद्यातल्या यादीत शेवटच्या 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. माल वाटणे हे यादीतले वेगळे काम, की यादीत आहे ते फक्त वाटपासाठी माल बांधणे, यावर दुधाच्या गाड्या चालवणारे भांडले. 2017मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2018मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. दुसरे म्हणतात, मराठीत तरी हे सगळे कुठे होते? खरे आहे. मोडीत हात उचलायचा नाही, शब्दही सुटे नाहीत, विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संगतीने आली. कीर्तनकार आजही श्वासावर थांबतो आणि कुणाचा अर्थ चुकत नाही. पण मोडीचा कारकून विरामचिन्हे शिकवण्याचे डोनेशन घेत नव्हता. ज्याने घेतले त्याने आधी स्वतःचा फ्लेक्स तपासावा, एवढाच मुद्दा आहे.

आणि हे डोनेशन येते कुठून, तर पुष्कळदा ऊसतोडीच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ रकमेतून. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्याची उचल मुकादम देतो, तिच्यातून पोराचा बूट, टाय आणि पहिला हप्ता जातो. दसरा झाला की गाड्या भरतात, टोळ्या साखरपट्ट्यात आणि कर्नाटकात जातात. पोर आजीजवळ राहिले तर राहिले, नाहीतर फडावर. स्वल्पविरामाचा धडा जानेवारीत आला काय नि फेब्रुवारीत, त्याच्यासाठी तो मोळ्या बांधण्यातच गेला. गंमत अशी की मुकादमाच्या वहीत एकही स्वल्पविराम चुकत नाही. दीड लाख म्हणजे 1,50,000, उजवीकडून आधी तीन आकडे, मग दोन, अगदी जागच्या जागी. हंगाम संपून हिशेब होतानाही शेपटी तिथेच. म्हणजे या जिल्ह्यात स्वल्पविराम येत नाही असे नाही. तो वसुलीच्या कागदावर येतो, शिकवणीच्या फ्लेक्सवर येत नाही.

फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. स्वल्पविरामाचे वेगळे पैसे पडत नाहीत.