मालकाशिवाय पान हलू नये म्हणून

धंदा उभारणाऱ्याला हल्ली जो तो सांगतो: माणसं तयार करा, अधिकार वाटा, बाजूला व्हा. बाजूला होऊन त्याने दिवसभर करायचं काय, ते कोणी सांगत नाही. तेव्हा आपला मान शाबूत ठेवू पाहणाऱ्या मालकांसाठी ही कृती.

पद द्यावं, निर्णय देऊ नये. यातले गुरू हेन्री फोर्ड. 1919 मध्ये त्यांनी मुलगा एडसेलला कंपनीचा अध्यक्ष केलं. पाटी मिळाली, दालन मिळालं. मॉडेल टी आता जुनी झाली, हे वडिलांच्या गळी उतरवण्यात मात्र त्याची वर्षं गेली. 1927 मध्ये ते उतरलं तेव्हा नवी गाडी तयारच नव्हती, आणि कारखाना महिनोनमहिने बंद राहिला. हायड्रॉलिक ब्रेकचंही तेच. प्लिमथने ते 1928 मध्ये दिले; फोर्डच्या गाड्यांना लागले 1939 च्या मॉडेलपासून. एडसेल 1943 मध्ये वारला आणि 79 वर्षांचे हेन्री पुन्हा अध्यक्ष झाले. आपल्यावाचून चालत नाही, हे त्यांनी असं सिद्ध केलं.

सोइचिरो होंडांचा कित्ता मात्र चुकूनही गिरवू नये. या गृहस्थांनी कंपनीचा शिक्काच भागीदार ताकेओ फुजिसावांच्या हवाली केला. पैसा आणि विक्री त्यांनी बघायची, होंडांनी इंजिनात रमायचं. पण तिथेही त्यांनी माघार घेतली! इंजिन हवेनेच थंड व्हावं, हा त्यांचा हट्ट. तरुण इंजिनिअरांना पाणी हवं होतं. ‘तुम्ही अध्यक्ष की इंजिनिअर?’ असं फुजिसावांनी विचारलं, आणि होंडांनी अध्यक्ष राहणं पसंत करून हट्ट सोडला. पुढे पाण्याने थंड होणारं सीव्हीसीसी इंजिन अमेरिकेच्या धुराच्या कडक नियमांत बसलं. 1973 मध्ये दोघे भागीदार एकदमच निवृत्त झाले. खुर्चीवर आले 45 वर्षांचे कियोशी कावाशिमा. ना मुलगा, ना पुतण्या.

रोजच्या सरावासाठी एवढं पुरे. दर डोक्यात ठेवावेत, कागदावर नाही. चहापाण्याचं व्हाउचरही सहीशिवाय सुटू नये. गावाला जाताना ‘तुम्हीच ठरवा’ म्हणावं आणि परतल्यावर, चारचौघांत, ठरवलेलं फिरवावं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोणी काही ठरवायच्या भानगडीत पडत नाही. मग मुलीच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, हातात अक्षता घेऊन उभ्या असलेल्या मालकाला व्हॉट्सॲपवर टेम्पोचा फोटो येतो: ‘साहेब, माल सोडू का?’