हृदय वगळून बाकी नाना

मुलीचं बाळंतपण न्यू जर्सीत असलं की इकडे पुण्यात दोन खरेद्या निघतात. एक डिंक, खारीक, अहळिवाची. दुसरी प्रवासविम्याची. पहिल्या खरेदीत दुकानदाराने फसवलं तर लाडू खवट होतात. दुसरीत फसवलं की नाही, हे कळायला आधी आयसीयूत दाखल व्हावं लागतं.

आमच्या सोसायटीतले नाना सध्या या दुसऱ्या खरेदीत अडकले आहेत. नानांची बायपास होऊन चार वर्षं झाली. मधुमेह त्याच्याही आधीचा, पण तो इतका जुना की घरातलाच धरतात. रोज पहाटे ते हनुमान टेकडी चढतात आणि वर पोचल्यावर, बायपास न झालेल्या लोकांना लागलेला दम बघत उभे राहतात. हा त्यांचा एकमेव दुर्गुण.

परदेशी निघालेला ज्येष्ठ नागरिक प्रत्येक खिडकीवर वेगळ्या तब्येतीचा असतो. व्हिसाच्या खिडकीवर नाना ठणठणीत: सहा महिने राहणार, कुणाला भार होणार नाही, वेळेत परत येणार. विमान कंपनीच्या खिडकीवर त्यांना दहा पावलं चालवत नाही, तिकिटावर व्हीलचेअर. खरी अडचण गुडघ्यांची नसून इंग्रजीची आहे. खुर्ची ढकलणारा माणूस इमिग्रेशनपर्यंत नेऊन सोडतो, मग कुणाला काही विचारत बसावं लागत नाही. मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री अमेरिकेच्या विमानासाठी चाकाच्या खुर्च्यांची जी दिंडी निघते, तिच्यातले बरेच वारकरी ड्यूटी फ्री दुकान आलं की उठून स्वतःच्या पायांनी दर्शन घेऊन येतात. आयकराच्या खिडकीवर नाना कायमचे आजारी. बायपासनंतर कुणी मेडिक्लेम देईना, आणि मेडिक्लेम नसलेल्या ज्येष्ठाला जुन्या करप्रणालीत औषधपाण्याची 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. म्हणून औषधाच्या दुकानाची एकेक पावती ते जपून ठेवतात.

चौथी खिडकी विम्याची. इथे नानांनी आजारी असायचं की ठणठणीत, यावर घरात एकमत होत नाही. मुलगी फोनवर सांगते, बाबा, सगळं खरं लिहा. जावई म्हणतात, खरं लिहा, पण हप्ता बघून लिहा. विमा एजंट म्हणतो, काका, लिहायचं माझ्यावर सोडा.

एजंट संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आला. नानांनी साडीच्या दुकानाची पिशवी काढली. आपल्याकडे वैद्यकीय कागदपत्रं दुसऱ्या कशात ठेवायची पद्धत नाही. पिशवीतून डिस्चार्ज कार्ड निघालं, अँजिओग्राफीची सीडी निघाली, जी आजवर एकाही डॉक्टरने लावून पाहिलेली नाही, आणि ईसीजीची एक पट्टी निघाली. त्या गुळगुळीत कागदावरच्या रेघा इतक्या उडाल्या होत्या की पट्टी जवळजवळ कोरी झाली होती. नानांच्या मते पूर्ण बरं झाल्याचा याहून मोठा पुरावा नाही.

पहिलाच प्रश्न आला: गेल्या 36 महिन्यांत कुठल्या आजाराचं निदान झालं आहे का, सल्ला वा उपचार घेतला आहे का?

नानांनी बोटांवर हिशेब केला. "बायपासला 48 महिने झाले. सुटलो!"

"काका, रक्त पातळ व्हायची गोळी शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी."

"मग आजार आज सकाळचा."

एजंटने लॅपटॉप किंचित कलता केला, स्क्रीन फक्त आपल्यालाच दिसेल इतका, आणि हळूच म्हणाला, "नाही म्हणून टिक करू का? अर्ज लगेच पुढे सरकतो." पुढे सरकतो हे अगदी खरं आहे. सरकत सरकत तो क्लेमच्या टेबलावर जातो. तिथे एजंटच्या जागी दुसरा एक गृहस्थ बसलेला असतो. अर्जाच्या वेळी कंपनीत कुणालाही नानांची जुनी कागदपत्रं वाचायला सवड नव्हती. क्लेमच्या वेळी या गृहस्थाला त्याशिवाय दुसरं कामच नसतं. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, लॅबचे रिपोर्ट, औषधाच्या दुकानाची बिलं, म्हणजे आयकरासाठी जपलेल्या त्याच पावत्या, सगळं तो मागवतो. मराठी डॉक्टरचं अक्षर आजवर फक्त औषधाच्या दुकानदाराला आणि क्लेम नाकारणाऱ्याला लागलेलं आहे.

नाना मात्र सरकारी नोकरीत लेखा विभागात होते. आयुष्यभर ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरं देण्यात गेलं. त्यांनी एजंटला थांबवलं, पॉलिसीचा नमुना छापून आणायला लावला आणि भिंग घेऊन बसले. बारीक टाइप वाचणारा ग्राहक समोर आला की विमा क्षेत्रात थोडी अस्वस्थता पसरते. एजंटने दुसरा चहा मागितला.

पॉलिसीवर मोठ्या आकड्यात एक लाख डॉलर लिहिलेलं होतं. आतल्या पानावर, आधीपासूनचा आजार वगळला होता. त्याच्या पुढच्या पानावर, जिवावरच बेतलं तर हा वगळलेला आजार परत आत घेतला होता. पण रुग्ण स्थिर होईपर्यंतच, आणि लाखातल्या एका लहानशा तुकड्यापुरताच. नानांनी समासात पेन्सिलीने शेरा मारला: "जीव धोक्यात असेतो देय. धोका टळताच देयक बंद. खुलासा व्हावा."

"म्हणजे बिल चालू राहायला मला मरणाच्या दारातच उभं राहावं लागेल?"

"दारातच, काका. आत नाही जायचं. आत गेलात तर कलम वेगळं."

ते कलमही होतं. मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च, आणि त्याला बायपासची अट शोधून सापडली नाही. येताना पॅरिस बघून यावं असं नानांच्या बायकोच्या, माईंच्या मनात आहे, तिथे तर हे सक्तीचंच. शेंजेनच्या 29 देशांचा व्हिसा हवा तर किमान 30 हजार युरोंचा विमा लागतो, आणि तातडीच्या उपचारांबरोबर पार्थिव परत पाठवण्याचीही सोय त्यात असावी लागते. युरोपचं एक बरं आहे. पाहुणा कुठल्याही अवस्थेत असो, त्याने परत जावं एवढंच त्यांचं म्हणणं.

जावयांनी मग तिकडचीच एक पॉलिसी सुचवली. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या आईवडिलांसाठी खास योजना विकतात. त्यांत जुना आजार चालतो, मात्र त्याने शिस्तीत यायचं. अचानक उसळायचं, आधी कसलीही सूचना द्यायची नाही, आणि उसळल्यापासून 24 तासांच्या आत रुग्णाने उपचार गाठायचे. ठरावीक वय उलटलं की हीही सवलत बंद होते.

ही अट लिहिणाऱ्याने मराठी घर पाहिलेलं नाही. नानांच्या छातीत रात्री अकराला गच्च वाटलं, असं समजा. पहिल्यांदा ओवा चावून होईल. मग खायचा सोडा पाण्यात घालून. ढेकर आली तर प्रश्न मिटला. नाही आली तर माई पाठीला तेल लावतील आणि रात्री पावटे खाल्ल्याबद्दल बोलतील. दोनच्या सुमाराला मुलीला उठवावं का, यावर विचार सुरू होईल; पण ती अवघडलेली आणि जावयांची सकाळी मीटिंग. शिवाय परक्या देशात अँब्युलन्स बोलावली तर तिचंही बिल येतं, हे नानांनी जायच्या आधीच ऐकून ठेवलंय. सकाळी जावई मीटिंगला गेल्यावर विषय निघेल. तोवर हृदयाने ओव्यापासून तेलापर्यंत सगळ्या सूचना देऊन झालेल्या असतील, आणि सूचना दिलेला झटका पॉलिसीत बसत नाही.

कंपनीचं गणित चुकीचं आहे, असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या इस्पितळाचं बिल काय असतं हे तिथून जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. आणि एकदा दुरुस्त झालेलं हृदय पुन्हा कुरकुरण्याची शक्यता जास्त, हे कळायला कंपनी काढावी लागत नाही. तिने तोंडावर नाही म्हणावं, नाना अंगारा लावून निघतील. राग येतो तो हप्ता घेताना "हो" म्हणून बिल आल्यावर "नाही" म्हणण्याचा.

असं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 2009 साली एक गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. जाण्याआधी रीतसर तपासणी करून घेतली, अर्जात मधुमेह लिहिला, एका सरकारी कंपनीची परदेश-मेडिक्लेम पॉलिसी घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले आणि घाम फुटला. इस्पितळ, अँजिओप्लास्टी, स्टेंट. कंपनीने क्लेम नाकारला: तुम्हाला मधुमेह होता आणि रक्तात चरबी होती. ते कोलेस्टेरॉलची गोळी घेत, ती अर्जात लिहिली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. अर्जात सांगितलेला आजार माहीत असताना पॉलिसी दिलीत, तर त्याच आजाराकडे बोट दाखवून पुढे क्लेम नाकारता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. झटक्यापासून निकालापर्यंत 12 वर्षं. ज्या लग्नाला निघाले होते, त्या जोडप्याची मुलं तोवर शाळेत जायला लागली असतील.

नानांनी हा निकाल वाचून पिशवीत ठेवला. एजंट म्हणाला, बघा, शेवटी पैसे मिळतात. या वाक्यातल्या "शेवटी"वर नाना बराच वेळ काही बोलले नाहीत.

विमा घेताना काही लपवायचं नाही, हे तत्त्व ज्या खटल्यामुळे प्रसिद्ध झालं, त्याची गंमत एजंटांच्या प्रशिक्षणात सांगतात की नाही कोण जाणे. सुमात्रा बेटावर इंग्रजांचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तिथल्या गव्हर्नरने लंडनमध्ये विमा उतरवला: वर्षभरात परक्या शत्रूने किल्ला घेतला तर भरपाई. 1760 मध्ये फ्रेंचांनी तो घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला मुळात दुबळा होता आणि हल्ल्याची भीती होती, हे गव्हर्नरला ठाऊक असून त्याने सांगितलं नाही. म्हणजे किल्ल्याला आधीपासूनचा आजार. 1766 मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहिलं पाहिजे, हे जगप्रसिद्ध तत्त्व सांगितलं आणि निकाल गव्हर्नरच्या बाजूने दिला. किल्ल्याची अवस्था विचारून घेणं विमा देणाऱ्याच्या हातात होतं. न विचारता हप्ता घेतलास, आता भर. यातला ग्राहकाने खरं बोलावं हा अर्धा भाग विमा कंपन्यांनी अडीचशे वर्षं जिवापाड जपला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं.

ब्रिटनमध्ये 2021 पासून निदान एवढं झालंय की गंभीर आजारामुळे प्रवासविमा नाकारला, किंवा त्यापायी हप्ता ठरावीक रकमेहून जास्त वाढवला, तर असे आजार स्वीकारणाऱ्या कंपन्यांच्या यादीचा पत्ता ग्राहकाला द्यावा लागतो. नाही म्हणा, पण पुढचं दार दाखवा. आपल्याकडेही नियामकाने 2024 साली आरोग्यविम्यातली जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. इथल्या मेडिक्लेमसाठी चांगलंच झालं. पण सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघालेल्या नानांनी तीन वर्षं थांबायचं ठरवलं, तर बाळंतपणाऐवजी नातवाच्या बालवाडीला पोचतील.

या सगळ्यात नानांना मनापासून आवडलेला विमा एकच, आपल्या रेल्वेचा. ऑनलाइन तिकीट काढताना 45 पैशांत मिळतो, अपघाती मृत्यूला 10 लाख, आणि हृदयाबद्दल अवाक्षर विचारत नाही. आजारपणाचं काहीच देत नाही हा भाग वेगळा, पण अपमानही करत नाही. दुर्दैवाने इथून न्यू जर्सीला रेल्वे जात नाही.

अखेर नानांनी सगळं लिहायला लावलं. बायपासची तारीख, साखरेचे आकडे, सहा गोळ्यांची नावं, त्यांत कोलेस्टेरॉलची सर्वांत आधी. जास्तीच्या हप्त्यात जुन्या आजाराला थोडी मोठी रक्कम देणारी पॉलिसी निघाली. मर्यादा कुठली, अट कुठली, हे एजंटकडून तोंडी न घेता कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवलं. हप्त्याचा आकडा पाहून माईंनी तेवढ्यात किती तोळे आले असते ते सांगितलं.

मग माईंचा अर्ज. तो दोन मिनिटांत संपला. आजार? काही नाही. औषधं? काही नाही. शेवटची तपासणी? "मुलीच्या वेळेस, इस्पितळात." मुलगी आता चौतिशीची. एजंटचा चेहरा संध्याकाळभरात पहिल्यांदा उजळला. हप्ता नानांच्या तिसऱ्या हिश्शाइतका.

"अगं, पण तुला दुसऱ्या मजल्यापर्यंत येताना दम लागतो ना?" नाना म्हणाले. "ते कुठे लिहायचं?"

एजंटने घाईघाईने सबमिटवर बोट ठेवलं. "काका, दम काकूंना कुठे आहे? तो जिन्याला आहे. सोसायटीला सांगा, लिफ्ट बसवून घ्या."