मधली पायरी शोधणाऱ्या साहेबांस खुले पत्र

माननीय छाननी अधिकारी साहेब,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर अपात्र उमेदवारांच्या यादीत माझे नाव झळकले आणि आपले आभार मानल्यावाचून राहवेना. नावापुढे शेरा होता : ‘१२ वी गुणपत्रक नाही’. पदवी प्रमाणपत्र आणि तिन्ही वर्षांची गुणपत्रके, सगळ्याची वासलात आपण एका ओळीत लावलीत. सरकारी कागदावर इतक्या कमी शब्दांत इतके काम क्वचितच होते.

जाहिरातीत अर्हता होती, ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी’. अडाणीच मी, जे छापले होते तेच वाचले.

ऑनलाइन अर्जात बारावीच्या रकान्यापुढची लाल चांदणीही आपलीच कल्पना असावी. रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नाही. ‘लागू नाही’ लिहावे तर म्हणतो, आकडे भरा. हेल्पलाइनवरचा मुलगा फार गोड होता. ‘काहीही टाका हो ताई, पुढे कोण बघतंय!’ म्हणाला. त्याच अर्जाच्या तळाशी खोट्या माहितीबद्दल फौजदारी कारवाईची तंबी होती, म्हणून मी तिथे मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी परीक्षेचे गुण भरले. पुढे कोण बघतंय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. आपण बघत होतात!

आणि पडताळणीच्या वेळी काय निगुतीने बघितलेत! बोट ओले करून एकेक पान उलटलेत. शाळा सोडल्याचा दाखला, इयत्ता नववी. त्यामागे थेट बी.ए. आपण पुन्हा मागे गेलात, पुन्हा पुढे आलात. दोन पाने चिकटली असतील म्हणून कोपरा नखाने उचकटूनही पाहिलात. मग चष्म्यावरून विचारलेत, ‘मॅडम, मधली पायरी कुठाय?’

होती, साहेब. पूर्वतयारीचे प्रमाणपत्र आपल्याच हाताखाली होते. ते शिवणक्लासचे समजून आपण बाजूला सारलेत. गैरसमज नम्रपणे दूर करते : शिवणक्लासचे प्रमाणपत्र माझ्याकडे वेगळे आहे, आणि त्याला आजवर कुणी बारावी मागितलेली नाही.

राज्याच्या विधिमंडळाने १९८९ साली खास कायदा करून नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केले ते कुणासाठी, हे आपल्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावे? ज्यांची शाळा सुटली, लग्ने लवकर उरकली गेली, ज्यांना पोटासाठी पाळीत काम करावे लागले, त्यांनी पूर्वतयारी करावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला जावे, अशी ती वाट. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर त्याआधीच, १९८५ च्या विनियमांत, शाळेचा कागद नसलेल्यालाही वयाची २१ वर्षे पूर्ण असतील तर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देऊन दूरशिक्षणातून पदवीला बसता येईल, असे म्हटले होते. विधिमंडळ आणि आयोग दोघांनाही जे सुचले नाही ते आपल्याला एका दुपारी, चहा यायच्या आत सुचले.

त्या वाटेने चालणारे आम्ही लोकही पाहण्यासारखे होतो. रविवारी शाळेच्या वर्गात संपर्कसत्र भरे. बाके सातवी-आठवीच्या मुलांची, गुडघे आत जात नसत. शेजारी एसटीचे एक कंडक्टर बसत, मुक्कामी गाडी लावून सरळ वर्गात, अंगावर खाकी तशीच. त्यांना डुलकी लागली की सर अर्थशास्त्राचा आवाज वाढवत. ही मंडळी पुढेमागे आपल्या टेबलाशी येतील. त्यांच्या पायऱ्याही जरा मोजून घ्याव्यात.

मी थोडा वाद घातला तेव्हा आपण थेट सर्वोच्च न्यायालय काढलेत, त्याबद्दल तर मी कायमची ऋणी आहे. २००९ चा अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्याचा तो निकाल मी घरी येऊन वाचला. पहिली पदवीच नसताना मुक्त पद्धतीने थेट एम.ए. मिळवलेल्या माणसाची ती गोष्ट आहे. माझी तर पहिलीच पदवी आहे, तीही रीतसर पूर्वतयारी करून घेतलेली. पण निकाल म्हणजे निकाल. कुणाचा का असेना, टेबलावर आपटला की आवाज तेवढाच होतो.

मला खरे दिपवले ते मात्र शेजारच्या टेबलाने. तिथे अभियंत्यांची पडताळणी चालली होती. एका मुलाची दहावी झालेली, मग पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि बी.ई. बारावी त्याच्याही फायलीत नव्हती. त्याला कुणी पायरी विचारली नाही. कशी विचारणार? त्याच्या अर्जात रकान्याचे नावच ‘१२ वी / डिप्लोमा’ असे होते. मधल्या त्या तिरक्या रेघेवरून तो पोरगा सायकलवर गेल्यासारखा पलीकडे गेला. गुणी पोरगा, त्याचे भलेच होवो. माझी विनंती फक्त रेघेबद्दल आहे. अशी एखादी कपाटात शिल्लक असती तर आमच्या रकान्यात टाकता आली असती. शाईचा खर्च मी दिला असता.

निघताना आपण वडीलकीने सल्लाही दिलात : ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा ना, बारावी करून टाका.’ म्हणजे बी.ए. झालेल्या बाईने आता बाहेरून आधी दहावी द्यायची, मग नियमातले अंतर राखून बारावी, आणि मग आपल्यासमोर यायचे. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८, मी आता ३६. बारावीचे गुणपत्रक घेऊन मी येईन त्या दिवशी आपल्याला मधली पायरी सापडलेली असेल आणि वरचा जिना काढून नेलेला असेल. इतका लांबचा विचार सरकारी नोकरीत कोण करतो हो?

जाता जाता आठवले. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. बाईंनी शाळा पाहिलेली नव्हती. त्या वेळी फाइल आपल्या टेबलावरून गेली नाही, हे विद्यापीठाचे नशीब.

असो. आपला वेळ मोलाचा आहे. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज जोडला आहे, दहा रुपयांच्या शुल्कासह. त्यात प्रश्न एकच आहे : पदवी हीच अर्हता असलेल्या पदासाठी बारावीचे गुणपत्रक कोणत्या शासन निर्णयाने बंधनकारक केले, त्याचा क्रमांक आणि दिनांक द्यावा. उत्तराला कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. आपल्या नजरेला तीस मिनिटेही लागू नयेत.

कळावे, लोभ आहेच, वाढू नये ही विनंती.

आपली कृपाभिलाषी,
एक अपात्र पदवीधर

ता. क. : पहिले अपील ज्या साहेबांकडे करायचे, त्यांचे नाव आणि हुद्दाही त्याच अर्जात विचारून ठेवला आहे.