मंत्र चुकला, चोर सापडला

मुलांच्या जादूई रहस्यकथांत एक प्राणी हमखास भेटतो. तो जादूच्या शाळेत असतो, पण कुठल्या पुण्याईवर, हे मुख्याध्यापिकांनाही सांगता येत नाही. झगा पायात येतो, टोपी कानांवर उतरते आणि मंत्राच्या चौथ्या शब्दाला जीभ घसरते. जिल मर्फीच्या ‘द वर्स्ट विच’ (१९७४) मधली मिल्ड्रेड हबल ही या जातीची कुलस्वामिनीच. शाळेत सगळ्यांना काळी मांजरं मिळतात. हिचा नंबर येईपर्यंत ती संपतात आणि पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू हाती येतं. तेही उडायला घाबरून झाडूला डोळे घट्ट मिटून चिकटतं. हसवायचा काढा करायला सांगावा, तर ही आणि हिची मैत्रीण दोघी अदृश्य!

मग रहस्य उलगडायचं काम नेमकं या ढ पोराकडे का? लेखकाला दया येते म्हणून नव्हे, तर कथेची ती गरज आहे म्हणून. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम घालून दिले. त्यात दैवी-अमानवी शक्तींना साफ मज्जाव आहे. कारण उघड आहे. मंत्र पुटपुटताच चोराचं नाव भिंतीवर उमटलं, तर वाचकाने दुसरं पान उलटायचं कशाला? तेव्हा जादूच्या राज्यात रहस्य टिकवायचं तर तोड एकच: ज्याला मंत्र जमत नाहीत त्याच्याकडे तपास सोपवायचा. शिवाय निम्मं आयुष्य वर्गाबाहेर उभं राहण्यात गेल्यामुळे कोण केव्हा कुठे जातं, याची खबर शिपायाखालोखाल त्यालाच असते.

यावर कुणी म्हणेल, ‘हॅरी पॉटर’मधली हर्मायनी ग्रेंजर तर पहिल्या नंबराची! मान्य. पण तळघरातल्या राक्षसाचं कोडं तिने छडी फिरवून सोडवलं नाही, ग्रंथालयातल्या पुस्तकाचं पान फाडून सोडवलं. तपासापुरतं तिलाही बिनजादूचं व्हावं लागलं. पान फाडल्याचा गुन्हा वेगळाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: शाळा बळकावू पाहणाऱ्या चेटकिणींच्या गोगलगाई करून मिल्ड्रेड त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यातून घेऊन येते, ती जादूनेच ना? खरं आहे, पण ती झाली अटक. कट उघडकीला आला तो, फजितीला कंटाळून शाळेतून पळताना ती रानात नेमकी त्यांच्यावर जाऊन धडकली म्हणून. याला योगायोग म्हणा हवं तर. पण गुणवत्ता यादीतल्यांच्या वाट्याला असे योगायोग येत नाहीत, कारण त्या वेळी ते उजळणी करत असतात.

म्हणून या प्राण्याला पास करणं लेखकाला परवडत नाही. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या पुस्तकाच्या नावातच मिल्ड्रेडला पहिलं बक्षीस मिळालं. नववं आलंच नाही.